ग्रहणात सायकली कोणी धरल्या होत्या?

नागपूर, २० मे

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं तुला साधा फोन नाही आणि आता एकदम पत्र. आधी शिव्या घालून घे. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं सगळं शालूला ऐकू जातं आणि हे तिला कळायला नको आहे. माझी शुगर आहे तिथंच आहे, डावा गुडघा कामातून गेला. झालं तब्येतीचं.

गेल्या रविवारी पोरांनी आमच्या लग्नाची ४० वर्षं साजरी केली. बाहेर अंगाची लाही होत होती, हॉलमधला कूलर नुसताच घुरघुरत होता, आणि सूनबाईंचा हट्ट की आईंनी पैठणीच नेसायची. नेसली बिचारी. केक कापून झाल्यावर नातीनं माईक तिच्यापुढे धरला. 'आजी, तुमची लव्हस्टोरी सांग.' मी खुर्चीत नीट सावरून बसलो. म्हटलं, आता ग्रहण येणार.

तिसरीच्या वर्गातली फुटकी पाटी आली. तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी बैलाचं शिंग तिनं मोडलं होतं, ते आलं. तिच्या घरच्या ओट्यावरून आपण तिघांनी पाहिलेली मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आली. (तूच हरला आहेस बरं का. काळी १८८१ ची, पिवळी १८८५ ची. पेपरात दरवर्षी छापून येते.) लग्नानंतर चार वर्षं तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, मग एकदाचं जेवायला बोलावलं आणि सावजी रस्सा वाढला. माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा ते पहिल्यांदा हसले. तेही तिनं सांगितलं, तेही वाटीत तर्री किती होती इथपर्यंत. ग्रहण मात्र नाही. शेवटी मीच म्हटलं, 'आणि ग्रहणाचं?'

माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, 'ग्रहणात मी घरीच होते. आजीनं बाहेर पाऊल टाकू दिलं असतं काय?'

लोक हसले. मीही हसलो.

बाळ्या, १६ फेब्रुवारी १९८०. शनिवार. रस्त्यांवर कर्फ्यू लागल्यासारखं होतं. एरवी गोळीबार चौकात मागांच्या खटखटीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, त्या दुपारी धोटासुद्धा हलत नव्हता. खिडक्या बंद, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं, म्हातारी माणसं जप करत बसलेली. त्यामुळेच तर ती मागच्या दारानं निघू शकली! आपल्या त्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावाच्या काठी त्या वडाखाली आम्ही उभे होतो. पानांतून ऊन पडतं ना, त्या दिवशी ते गोल गोल पडलंच नाही. जमिनीवर शेकडो चंद्रकोरी होत्या, तिच्या पदरावर, मनगटावर. तिनं तळहात पुढे केला, त्यावर एक कोर धरली आणि मला म्हणाली, 'घे.' हे मी काल ऐकल्यासारखं सांगू शकतो. तू पलीकडे दोन्ही सायकली धरून उभा होतास आणि मारे काळा चष्मा लावून इकडंच बघत होतास. माझ्या सायकलचं हँडल तूच वाकवलंस. त्याचे सात रुपये अजून यायचे आहेत.

आता ती म्हणते, हे झालंच नाही.

घरी आल्यावर हळूच विचारून पाहिलं. 'तुला निळी साडी आठवते का, ग्रहणातली?' तर म्हणाली, निळी साडी तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बर्डीवरून आणली होती, त्याआधी माझ्याकडे निळी नव्हतीच. आणि बाळ्या, ते खरं आहे. दुकान आठवतं, घासाघीस आठवते. मग ग्रहणात तिच्या अंगावर काय होतं? मी रात्रभर तेच करून राहिलो. विसरून ती राहिली की मी?

लाजून नातीसमोर लपवलं असेल, असंही वाटतं. पण गेल्या महिन्यात दूध दोनदा उतू गेलं. नातीला परवा स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. आता दूध सगळ्यांचं उतू जातं आणि माझी आई तर आम्हा चारही भावांची नावं घेऊन मग माझ्यावर यायची. हे मी रोज स्वतःला सांगतो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, 'गुडघा तुमचा दुखतो, मी कशाला येऊ?'

'तुमचा' वाचलंस ना? खरी गोष्ट हीच आहे आणि ती पोरांना सांगता येत नाही. तुला माहीत आहे ती मला काय म्हणते. चार लोकांत 'अहो', आणि दार लोटलं की 'काय बे भैताडा'. तिसरीपासून. सासूबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला होता. तर महिना झाला, दार लोटल्यावरही 'अहो'. घरात आम्ही दोघंच असतो, मी मुद्दाम चहात मीठ घालून पाहिलं. 'अहो, हे काय केलंत?' पूर्वी कप माझ्या डोक्यावर आला असता.

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याचा व्हिसा आला असं कुणीसं सांगितलं, छान. तिकडे पोह्यांवर तर्री मिळत नाही म्हणून रडत होतास, सवय झाली का पुण्याची?

एक काम कर. पत्र आलं म्हणून सांगू नकोस. दुपारी चारला मी बाजारात असतो, तेव्हा घरच्या नंबरवर फोन लाव. जुन्या गप्पा काढ, माझी टर उडव, हँडलचं तर काढच. ग्रहण आलं तर येऊ दे, तू विचारू नकोस. फक्त माझ्याबद्दल बोलताना ती मला काय म्हणते, तेवढं नीट ऐक. आणि मला पत्रानं कळव.

तुझा,
भैताड