समाजशास्त्रात पीएचडीला अर्ज करणाऱ्या सदस्यांसाठी

मंडळी, जून २०२४पासून नेटचा (यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल तीन गटांत लागतो, हे अजून अनेकांच्या लक्षात आलेलं नाही. जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) हुकली तरी ‘फक्त पीएचडी’साठी पात्र ठरता येतं. त्या गटात प्रवेशासाठी नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरतात. हे गुण एकच वर्ष चालतात, तेव्हा निकाल फायलीत लावून बसू नका.

अर्जाआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का, ते विचारा. प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगींना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४च विद्यार्थी घेता येतात. संशोधनाच्या आराखड्यात ‘ग्रामीण समाजातील बदल’ असला मोघम विषय नको (मुलाखतीत पहिला प्रश्न ‘कोणतं गाव?’ हाच येतो). नॉन-क्रीमीलेअर दाखला लागणाऱ्यांनी सेतू केंद्रात आजच अर्ज टाकावा.