आवडता लेखक कोण, हे तुम्हाला कधी विचारलंच नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना माझं अर्धंच ऐकू येतं आणि आई मध्येच "जेवलीस का" विचारून विषय गुंडाळते, म्हणून हे लिहून पाठवतेय. दादाच्या पोराला सांगा मोठ्याने वाचून दाखव म्हणून. मधली मधली वाक्यं गाळायची त्याला सवय आहे, लक्ष ठेवा.

तर झालं असं, इथे फोंड्याला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी रविवारी गच्चीवर चहा ठेवलेला, आणि कोणीतरी काढलं की प्रत्येकीने आपला आवडता लेखक सांगायचा आणि का आवडतो ते पण सांगायचं. पहिल्या तिघींनी पु.ल., पु.ल., पु.ल. केलं. का, तर हसवतात. बरं. मग तळमजल्यावरच्या काकी, त्या शिरोड्याच्या, आपल्या नव्हे, आरवलीजवळच्या, त्या म्हणाल्या जयवंत दळवी, कारण 'सारे प्रवासी घडीचे'मधली माणसं आमच्याच वाडीत राहायची, फक्त नावं वेगळी. आणि हाच माणूस 'ललित' मासिकात ठणठणपाळ या नावाने भल्याभल्या लेखकांची टोपी उडवायचा हे सांगताना काकींचा चेहरा असा फुललेला, जसा काय सख्खा भाऊच.

माझी पाळी आली आणि मी पण घाईत पु.ल. म्हणून मोकळी झाले. खोटं नव्हतं, पण माझं पण नव्हतं. रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात, आणि मग आठवलं की तुम्हा दोघांना हे मी कधी विचारलेलंच नाही.

बाबांचं मला साधारण माहीत आहे. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, वस्तीच्या गाडीवर असायचात तेव्हा तिकिटांच्या पेटीत महादेवशास्त्री जोशींचं एखादं पुस्तक ठरलेलं. "आमच्या सत्तरी तालुक्याचा माणूस, आंबेड्याचा," एवढंच सांगायचात. आंबेड्याच्या भटाच्या मुलाने भारतीय संस्कृतिकोशाचे 10 खंड उभे केले, याचाच अभिमान जास्त की गोष्टी खरंच आवडायच्या? 'मानिनी' सिनेमा त्यांच्या कथेवरचा हे कळल्यावर आईने पण तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलेलं, ते मला आठवतंय. आणि त्यांच्या बायकोला, सुधाताईंना, 1955 साली म्हापशाला गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पकडलं ती हकीगत तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की मला लहानपणी वाटायचं तुम्ही तिथे उभेच होतात.

आईचं मात्र वेगळंच. आई, तू दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचायचीस कुठे, वापरायचीस! महिना लागला की त्या महिन्याचा लेख, त्याच्या पुढचं एक पान पण नाही, आणि मग ते पुस्तक तसंच हातात घेऊन कुळागरात, सुपारीच्या बागेत, लिहिलंय तसं आहे का बघायला. चतुर्थीच्या आधी माटोळीचं, गणपतीच्या डोक्यावर टांगायचं सामान आणायला मला घेऊन जायचीस, कवंडळ, माट्टीची फळं, सुपारीचा घड, आणि वाटेत दुर्गाबाईंशी भांडण चालू. "हे बायने बघूंक ना," असं आधी कोंकणीत पुटपुटायचीस, मग पाच पावलांवर थांबून "नाही गं, बरोबर लिहिलंय तिने." तेव्हा मला लाज वाटायची, कुणी बघेल म्हणून. पुढे कॉलेजात कळलं की कराडच्या 1975च्या संमेलनाच्या अध्यक्ष त्याच, आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि तुरुंगात गेल्या. तुला सांगितलं तर तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, झाडाकडे एवढं नीट बघणारी बाई माणसांकडे बघून गप्प कशी बसेल. रविवारी मला हे सांगता आलं असतं ना तर काकींच्या वरताण झालं असतं.

आता माझं. मडगावला जाता-येता रोज बोरीचा पूल लागतो, खाली जुवारी, आणि माझं उत्तर रोज तिथूनच जातं. बा. भ. बोरकर, मूळ बोरीचेच. आपण शेजारीपाजारी कोंकणी बोलतो, पुस्तकं मराठी वाचतो, आणि बाहेरचं कोणी विचारलं की तुमची भाषा नेमकी कुठली तर मी गडबडते, दोन्ही म्हटलं तर लोकांना पटत नाही. बोरकर दोन्हीत लिहून गेले. 'सासाय' या कवितासंग्रहाला 1981चा साहित्य अकादमी मिळाला तो कोंकणीसाठी, आणि मराठी कविता तर बाबांना पण पाठ. कोणाला कसलं स्पष्टीकरण देत बसले नाहीत ते कवितेत, म्हणून मला आवडतात. मोठं काही कारण नाही. तसं पु.ल. म्हटलं ते पण अगदीच फुकट नाही गेलं म्हणा, ते आणि सुनीताबाई बोरकरांच्या कवितांचे कार्यक्रम करायचे, मला बोरकर कळले ते आधी त्यांच्याच आवाजात.

तर बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन चतुर्थीनंतर म्हणताय ते आता पुढे ढकलू नका. तोवर पोराच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, महादेवशास्त्री का ते. सत्तरीचे म्हणून हे उत्तर चालणार नाही.

आणि आई, ते 'ऋतुचक्र' सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दे, बाबांचं नाव सांगितलं की तो आणून देईल, मी स्टँडवर येऊन घेते. सोलकढीचा डाग पुसायला जाऊ नकोस, आणि भाद्रपदाचं पान दुमडलेलं आहे ते तसंच राहू दे.

तुमची,
बाय