नवा रायडर टिकावा म्हणून: इंदूरच्या मित्रास पत्र

बडोदे,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या दिवशी मैदान मुलांनी फुलून गेले आणि महिनाभरात त्यातली बोटांवर मोजण्याइतकीच उरली, याचे तुला वाईट वाटणे साहजिक आहे. मात्र त्यावरून इंदूरच्या मुलांना बीएमएक्सची, म्हणजे उंचवट्या-वळणांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीची, आवडच नाही, असा जो निष्कर्ष तू काढला आहेस तो मला मुळीच पटलेला नाही. उंचवट्यांवरून सायकल दामटणे कोणत्या मुलाला आवडत नाही? आमच्याकडे जी मुले सोडून गेली ती खेळाला कंटाळून गेली नाहीत. काही ताटकळून गेली, काही गोंधळून गेली आणि बरीचशी दर वेळी एकटीच सर्वांच्या मागे राहिल्यामुळे गेली. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

ताटकळण्याचे आधी सांगतो. मोठ्या स्पर्धांचा ट्रॅक तीनशे-चारशे मीटरचा असतो आणि शर्यत तीस-चाळीस सेकंदांत आटोपते. तुझ्या-माझ्या छोट्या ट्रॅकवर त्याहूनही लवकर. दिवसभरात तीन मोटो, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, धरल्या तरी मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष खेळ दीड-दोन मिनिटांचाच येतो आणि बाकीची सारी संध्याकाळ वाट पाहण्यात जाते. सरावलेल्या मुलांचे त्यात काही बिघडत नाही, कारण त्यांचे मित्र तिथेच असतात. नवे मूल मात्र सायकल धरून कोपऱ्यात उभे असते, भिंतीवर चिकटवलेला मोटोंचा तक्ता त्याला वाचता येत नाही आणि त्याच्या वडिलांना तर त्याहून येत नाही. आमच्याकडे आता प्रत्येक नव्या मुलामागे त्याच्याहून थोडा मोठा असा एक जुना रायडर नेमलेला असतो. तो मुलाच्या मनगटावर पेनाने दोन आकडे लिहितो, वरचा मोटोचा आणि खालचा गेटवरच्या, म्हणजे जिथून शर्यत सुटते त्या फाटकावरच्या, जागेचा. मग त्याला ओळीत उभे करतो आणि शर्यत संपल्यावर आपल्या टोळक्यात ओढून नेतो. माझ्या मते हे शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या गावात हे कुणाला शिकवावे लागू नये. आखाड्यात नवा पोरगा आला की उस्ताद त्याला एखाद्या जुन्या पठ्ठ्याच्या हवाली करतो, तसेच हे.

सायकलीबद्दल तू विचारले आहेस. पहिल्या दिवशी वीस इंची चाकांची खरी रेसिंग सायकल कुणाकडेही नसते आणि ती नसल्याचे त्याला जाणवूही देऊ नये. घरची सायकल चालेल. फक्त स्टँड, घंटी, कॅरिअर आणि साखळीवरचा पत्रा काढून टाकायचा, ब्रेक नीट लागतो का पाहायचे आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहे याची स्वतः बोट लावून खात्री करायची. उघड्या नळीची कड पडताना पोटात घुसली तर गंभीर इजा होते, म्हणून याबाबतीत मी कुणाचेही ऐकत नाही. संपूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटे निरनिराळ्या मापांची घेऊन ठेव आणि ती वापरायला दे, बक्षीस म्हणून वाटू नकोस. फुकट मिळालेली वस्तू घरच्या माळ्यावर जाऊन पडते, हा माझा अनुभव तुला कदाचित कडवट वाटेल.

आता गेटबद्दल, कारण नव्या मुलाची खरी भीती तिथे असते. आमचे गेट मकरपुऱ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेले लोखंडी फाटक आहे, दोरीने पाडायचे. ते खाली आदळते तेव्हा असा आवाज होतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे पाय पेडलवरून सुटतात. मोठ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलेला आवाज ‘रायडर्स रेडी, वॉच द गेट’ म्हणतो आणि त्यानंतर ०.१ ते २.७ सेकंदांच्या दरम्यान केव्हाही दिवे लागायला सुरुवात होते. ही अनिश्चितता मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे कुणी अंदाजाने सुटू नये. नवख्या मुलाला मात्र आधी गेटच्या बाजूला उभे करून ते रिकामेच पाडून दाखवावे, मग पुढचे चाक गेटला टेकवून एक पाय जमिनीवर ठेवूनच निघू द्यावे. दोन्ही पाय पेडलवर घेऊन तोल सांभाळणे नंतर येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी मूल घरी जाऊन ते चार जणांना सांगते. उड्यांचेही तसेच आहे. टेबलटॉप (वरून सपाट उंचवटा) असो की लागोपाठचे रोलर (छोटे गोलसर उंचवटे), चाके जमिनीला चिकटवून त्यावरून नुसते जाता येते, हे त्याला स्पष्ट सांगावे. कुंपणापलीकडून ‘उडी मार, उडी मार’ म्हणून ओरडणाऱ्या काकांना चहाला पाठवावे.

मागे राहण्याचा प्रश्न याहून अवघड आहे आणि माझे मुख्य म्हणणे तेच आहे. गेटवर आठ जण उभे राहतात. पुढच्या दोघांकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण सातव्या आणि आठव्या मुलामध्ये जी चुरस लागते तीच त्या दोघांना पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन येते. म्हणून गट पाडताना केवळ वय पाहू नकोस. अमेरिकेत नवख्यांचा वर्ग वेगळा असतो आणि ठरावीक विजय मिळाल्याखेरीज वरच्या वर्गात जाता येत नाही, ती पद्धत मला शहाणपणाची वाटते. आपल्याकडे मुले कमी असल्याने तसे वर्ग भरणार नाहीत, तेव्हा निदान प्रत्येक मोटोत नव्या मुलाच्या तोडीचे आणखी एक मूल असेल एवढे पाहा, मग त्यासाठी वयाचा नियम थोडा वाकवावा लागला तरी हरकत नाही. मुली दोघी-तिघीच असल्या तर त्यांना निरनिराळ्या मोटोंत विखरू नकोस. एकटी पडलेली मुलगी टिकत नाही. आणि निवेदकाला बजावून ठेव की शेवटच्या रायडरचे नाव त्याने अंतिम रेषेपर्यंत घेतलेच पाहिजे.

पालकांविषयी थोडक्यात. हा खेळ आहे की नुसता स्टंट, असे ते विचारतात. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियातली मुले मोटोक्रॉसची नक्कल करत सायकली पळवू लागली तिथून हा खेळ निघाला, १९९३ मध्ये तो आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या छत्राखाली आला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून तिथे त्याची पदके दिली जातात, एवढे सांगितले की चेहरे बदलतात. मुलींच्या आयांना मी कोलंबियाच्या मारियाना पाहोनबद्दल सांगतो, जिने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके जिंकली. पण ऑलिंपिकचे नाव एका संध्याकाळपुरतेच पुरते. त्याच आईच्या हाती निकाल लिहायची वही दिली की ती पुढच्या वेळी मुलाच्या आधी तयार होऊन बसते.

वेळापत्रक मात्र गाव पाहून ठरव. आमच्याकडे नवरात्रात पोरे मध्यरात्र उलटेपर्यंत गरब्यात असतात, त्यामुळे त्या दिवसांत नव्यांचे शिबिर ठेवणे म्हणजे रिकाम्या मैदानाला शिकवणे. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, सारे गाव गच्चीवर असते आणि रस्त्यावरचा मांजा सायकलस्वाराच्या गळ्याला घातक, म्हणून तो आठवडा आम्ही बंदच ठेवतो. सर्वांत मोठी गळती पावसाळ्यात होते. ट्रॅक चिखलाने बंद पडतो आणि जून महिन्यात गेलेले मूल आपण होऊन परत येत नाही. त्याला दिवाळीच्या सुट्टीत घरी फोन करावा लागतो, आणि तो फोन तू न करता त्याच्यामागे नेमलेल्या रायडरने केला तर अधिक बरे. तुझ्याकडे ते फोन अजून झाले नसतील तर याच आठवड्यात करवून घे.

जाता जाता तुझ्या मातीविषयी. माळव्याची काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात, आणि लहान मुलांच्या सायकलींची बारीक चाके नेमकी त्यांत अडकतात. मोठ्यांना त्या जाणवतही नाहीत, त्यामुळे तक्रार कुणी करणार नाही. निदान स्टार्ट हिलचा, म्हणजे गेटच्या टेकाडाचा, उतार आणि पहिला सरळ पट्टा यांवर मुरूम टाकून, पाणी मारून चांगला दाबून घे. आमच्या गेटच्या मापांचे चित्र सोबत पाठवले आहे. बिजागऱ्या त्यात दाखवल्या आहेत त्याहून जाड घ्याव्यात, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित,
बडोदेकर मित्र