चिकनमध्ये गहू आहे का?

महोदय,
माझ्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे. या आजारात गव्हाचा कणही तिच्या आतड्याला इजा करतो. नुसत्या कोंबडीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते बाधणारं प्रथिन, नसतं. पण नौपाड्यातल्या एका हॉटेलात चिली चिकन मागवलं, तेव्हा वेटर ठामपणे म्हणाला, "ताई, मैदा नाही, फक्त कॉर्नफ्लोअर." बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पोरीला रात्रभर उलट्या झाल्या. बाजारातल्या हिंगातही बहुधा मैदा मिसळलेला असतो! फ्रोझन नगेट्सच्या पाकिटावर निदान ॲलर्जीची सूचना छापलेली असते. मोठ्या साखळी हॉटेलांप्रमाणे ती छोट्या हॉटेलांच्या मेनूवरही सक्तीची करावी. तोवर आचाऱ्यांना कळकळीची विनंती : सॉसच्या बाटलीवरचं लेबल वाचा आणि मैद्याचं तळण झालेल्या तेलात आमचं चिकन तळू नका.

– एक आई, ठाणे