पॅटर्नशॉपमधलं व्हायोलिन

अनगोळ, बेळगाव

प्रिय सदा,

तुझा फोन आला तेव्हा मशीनच्या आवाजात धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुतणीच्या व्हायोलिनचा आवाज एकाएकी बसला होता. आतली साऊंडपोस्ट, म्हणजे वरच्या-खालच्या फळीमध्ये उभी असते ती बारीक काडी, पडली होती. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात. तिला सरस लावत नाहीत, नुसत्या मापावर उभी राहते. दोन्ही टोकं फळ्यांच्या आतल्या गोलाईला तंतोतंत टेकली पाहिजेत, आणि न्यायची तीही पुढच्या अरुंद फटीतून. लोखंडी पट्टी वाकवून, घासून मी त्यासाठी हत्यार केलं. चौथ्या संध्याकाळी काडी उभी राहिली. पोरीनं गज ओढला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे.

हे काम हाताला ओळखीचं वाटलं. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत इतकी वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या वाळूत ठसा उठवायचे नमुने, करतोय. ओतलेलं बीड निवताना शेकडा एक आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी मोठी असते. पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा, तो डोळ्यांआधी बोटांना कळतो. व्हायोलिनची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर; ती वाकवत नाहीत, जाड लाकडातून कोरून काढतात. गोल पटाशी, बोटाएवढा रंधा, पत्र्याचं टेम्प्लेट, सगळी आमचीच हत्यारं!

मिरजेचं तुला काय सांगायचं? हत्यारांना धार लावणारे शिकलगार. लढायाच संपल्या तेव्हा फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरा करायला घेतला. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

जर्मनीत सॅक्सनीमध्ये मार्कनॉयकिर्शेन नावाचं लहानसं गाव आहे. धर्मापायी बोहेमियातून घरदार सोडून आलेल्या 12 व्हायोलिन कारागिरांनी 1677 मध्ये तिथं आपला संघ काढला. पुढं काम घराघरांत वाटलं गेलं: एका घरात नुसत्या माना, दुसऱ्यात फळ्या, तिसऱ्यात गज, कुठं तारा. व्यापारी सगळं गोळा करून जोडून घ्यायचे. माल इतका जायचा की 1893 मध्ये अमेरिकेनं त्या गावात वाणिज्य दूतावास उघडला. हे वाचलं आणि मला उद्यमबागच दिसली. आमच्याकडंही एकजण पॅटर्न करतो, दुसरा ओततो, मशिनिंग तिसऱ्याच्या शेडमध्ये.

गाणं आपल्या मातीत आहेच, कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे. हातही आहेत, पण किती दिवस? पॅटर्न आता सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, निघतात, नवीन पोरगं पटाशी धरायला येत नाही. बाबांच्या बाकावर माझ्यानंतर कोण बसेल, हा विचार झोपू देत नाही. शिकलगारांना जे जमलं ते आम्हाला का जमू नये?

म्हणून स्वतःच व्हायोलिन करायचं ठरवून त्याचा साचा करायला घेतलाय. वरच्या फळीला स्प्रूसचंच लाकूड लागतं, ते मागवलं आहे. पाठीला मेपल वापरतात, पण मी आपल्याकडची शिवण, म्हणजे शिवणीचं लाकूड, वापरून बघणार. हलकी असते, वाकत नाही, पॅटर्नलाही आम्ही तीच घेतो. सतारमेकर गल्लीत तुझ्या ओळखीच्या चाचांना विचार, त्यांच्याकडं चांगली वाळलेली जुनी शिवण असेल तर. दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद तुकडा पुरे. चाचा म्हणतील ते पैसे देऊन टाक, मी पाठवतो. आणि तुकडा घेण्याआधी बोटानं टकटक करून बघायला त्यांनाच सांग, तुला ते कळायचं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास