ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणतात, पण का मिळत नाहीत ते बघ

रग्बी, इंग्लंड
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुन्या,

एजंट बारा लाखात ओंकारला इकडे लॉरी ड्रायव्हर म्हणून पाठवतो म्हणतो, तो तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि म्हटलं हे फोनवर नीट व्हायचं नाही, लिहूनच सांगतो. पहिलं म्हणजे तुझ्या त्या पुतण्याला, ओंकारला सांग, त्या एजंटला एक रुपया द्यायचा नाही. बारा लाखात इंग्लंडचा लॉरी ड्रायव्हर व्हिसा असलं काही नसतंच रे. हे काम इथल्या स्किल्ड वर्कर व्हिसात बसत नाही, आधीही बसत नव्हतं आणि जुलै २०२५ पासून तर मोजके अपवाद सोडले तर डिग्रीच्या लेव्हलच्या कामालाच तो व्हिसा देतात. मधे एकदाच, २०२१ च्या शेवटी, काही महिन्यांपुरते पाच हजार टेम्पररी व्हिसा जाहीर केले होते, एजंट लोक अजून त्याच बातम्यांची कात्रणं दाखवत फिरतायत. आणि समजा तो कसाबसा पोचला तरी आपलं हेवी लायसन्स इथे चालत नाही, बदलूनही मिळत नाही. भारतातल्या लायसन्सवर पहिलं एक वर्ष कार चालवता येते, तेवढंच. मी संगीताच्या नर्सिंगच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलो म्हणून मला वाट्टेल ते काम करायची मुभा होती, तरी मला आधी इथली कारची परीक्षा द्यावी लागली, मग लॉरीसाठी मेडिकल, थिअरी, रस्त्यावरचे धोके ओळखायचा व्हिडिओवाला पेपर, रिव्हर्स, रोड टेस्ट, आणि गाडी कशी तपासायची, माल कसा बांधायचा त्याची वेगळी प्रॅक्टिकल. तीन हजार पौंडाच्या आसपास खिशातून गेले, म्हणजे आपले साडेतीन लाख.

आता तू विचारलंस की मग ड्रायव्हर नाहीत ड्रायव्हर नाहीत म्हणून तिकडे एवढी बोंब का असते. याच्यावर मला खरंच बोलायचंय कारण इथे रोज ऐकतो आणि रोज डोकं फिरतं.

२०२१ आठवतंय ना, सप्टेंबर संपत आला होता आणि इथे पेट्रोल पंप कोरडे पडले, लोक रांगा लावून भांडत होते. डेपोत पेट्रोल होतं, ते पंपापर्यंत न्यायला टँकरचे ड्रायव्हर नव्हते. ४ ऑक्टोबरला शेवटी आर्मीचे जवान टँकरवर बसवले. त्याच्या आधी ऑगस्टमधे मॅकडोनाल्ड्समधे मिल्कशेक संपले होते, काही काउन्सिलांच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकांच्या, कचऱ्याच्या गाड्या बंद पडल्या कारण त्यांचे ड्रायव्हर जास्त पैसे देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी उचलले. वाहतूकदारांची जी मोठी संघटना आहे, रोड हॉलेज असोसिएशन, ती म्हणत होती एक लाख ड्रायव्हर कमी आहेत. कोव्हिडमधे टेस्ट बंद होत्या, ब्रेक्झिटनंतर पोलंड रोमानियाची पोरं परत गेली, कंपन्यांना ड्रायव्हर पुरवणाऱ्या एजन्सींतून काम करणाऱ्यांचा टॅक्सचा नियम बदलला, ही सगळी कारणं पेपरात यायची आणि ती खरीच होती, मी नाही म्हणत नाही.

पण एक गोष्ट बघ. त्याच वेळी सरकारने ज्यांच्याकडे लॉरीचं लायसन्स आहे अशांना पत्रं पाठवली, काम सोडलं असेल तर परत या म्हणून. किती लोकांना? जवळजवळ दहा लाख! त्यात इथे राहणारे जर्मन लोकही होते ज्यांनी आयुष्यात कधी लॉरी चालवली नव्हती, त्यांच्या जुन्या कारच्या लायसन्सवर साडेसात टनापर्यंतची परवानगी छापलेली असते म्हणून. ते सोड. पण बाकीचे? कमी पडतायत एक लाख आणि लायसन्स घेऊन दुसऱ्याच कामाला लागलेले त्याच्या कितीतरी पट. कोणी वेअरहाउसमधे आहे, कोणी घरं रंगवतो, कोणी टॅक्सी चालवतो. म्हणजे गाडी चालवता येणारी माणसं या देशात आहेत रे सुन्या, या पगारावर आणि या हालात चालवायला तयार असलेली माणसं नाहीत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि टीव्हीवर कायम पहिलाच प्रश्न आहे असं धरून बोलतात.

पगाराचं सांगतो. २०२० च्या सरकारी आकड्यात लॉरी ड्रायव्हरचा मधला पगार तासाला ११.८० पौंड होता, २०१५ पेक्षा फक्त १० टक्के जास्त. त्याच काळात सगळ्या नोकरदारांचा १६ टक्के वाढला, आणि किमान वेतन, जे दुकानात शेल्फ भरणाऱ्यालाही द्यावंच लागतं, ते ६.७० वरून ८.७२ वर गेलं, म्हणजे ३० टक्के. खालची जमीन वर येत गेली आणि ड्रायव्हर होता तिथेच. २०२१ च्या त्या गोंधळात पगार वाढले, टेस्कोने तर नवीन येणाऱ्याला हजार पौंड बोनस जाहीर केला होता, पण टंचाई जरा कमी झाली तशी बोनसची भाषाही थंड झाली. या २०२५ सालात किमान वेतन १२.२१ आहे आणि मला क्लास वनचे, म्हणजे मागे वेगळा ट्रेलर जोडलेल्या मोठ्या आर्टिक गाडीचे, साडेपंधरा मिळतात. ४४ टनाची गाडी, पहाटे तीनला सुरुवात, चूक झाली तर माणसं मरतात, लायसन्स गेलं तर पोटावर पाय. या सगळ्याचे तासाला सव्वातीन पौंड वरचे.

आणि एजन्सीतून केलं तर जाहिरातीत वीस पौंड लिहिलेलं असतं, ते वीस म्हणजे वीस नसतातच. मधे एक अम्ब्रेला कंपनी असते, कागदोपत्री तीच तुझी मालक आणि तीच पगार काढते. त्या वीसमधून आधी मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी पेन्शन वगैरेचा हप्ता, कापतात, हो, मालकाचा, तुझ्याच पैशातून, मग अम्ब्रेलाचं स्वतःचं मार्जिन, मग सुट्टीचे पैसे वेगळे धरून ठेवतात, आणि जे उरेल त्याच्यावर तुझा टॅक्स आणि तुझा नॅशनल इन्शुरन्स. मी सुरुवातीला वर्षभर एजन्सीत काढलं कारण नव्या लायसन्सवाल्याला चांगल्या कंपन्या घेत नाहीत, गाडीचे विमेवाले म्हणतात दोन वर्षं अनुभव पाहिजे. एकीकडे ड्रायव्हर नाहीत म्हणून रडायचं आणि पदरचे तीन हजार घालून पास झालेल्या पोराला अनुभव नाही म्हणून परत पाठवायचं. तेव्हा मला संध्याकाळी सात वाजता मेसेज यायचा उद्याची शिफ्ट कॅन्सल, विषय संपला, पैसे नाहीत. संगीताचा पगार नसता तर घरभाडं गेलं नसतं.

तासांचा नियम तुला इंटरेस्टिंग वाटेल. गाडीत टॅको, म्हणजे चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र, असतं, त्यात आपलं कार्ड घातल्याशिवाय गाडी हलवायची नाही, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच, दिवसात ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १०, पंधरवड्यात ९० च्या वर नाही. नियम चांगला आहे, आपल्याकडे असा असता तर कितीतरी माणसं वाचली असती, हे मी मनापासून म्हणतो. पण तो चालवण्याच्या तासांचा झाला. लोडिंगला थांबणं, कागद, गाडी तपासणं, हे सगळं धरून दिवस पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो, आठवड्यातून तीनदा. म्हणजे त्या दिवशी घर नाही, पोरं नाहीत, फक्त गाडी. जे लोक सोमवार ते शुक्रवार केबिनमधेच राहतात त्यांना इथे ट्रॅम्पर म्हणतात, मी तेच करतो.

मागच्या महिन्यात ए१४ हायवेवर फेलिक्स्टो बंदरावरून परत येताना तास संपत आले. सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला, गेलो तर पार्किंगच्या सगळ्या जागा भरलेल्या, आत येणाऱ्या रस्त्यावर पण गाड्या लावलेल्या. पुढे जाता येत नाही कारण टॅको बघत असतो, मग रस्त्याकडेला गाडी थांबवायची पहिली जागा, लेबाय, दिसली तिथे घातली. संडास नाही, दिवा नाही, शेजारून रात्रभर गाड्या जातात आणि प्रत्येक गाडीबरोबर केबिन हलते. झोपायच्या आधी दोन्ही दारांच्या हँडलमधून सीटबेल्टचा पट्टा ओवून घ्यायचा, बाहेरून कोणी उघडू नये म्हणून. माझा ट्रेलर रिकामा होता म्हणून मागची दारं उघडी टाकून ठेवली, इथे सगळेच तसं करतात, म्हणजे चोराला दिसतं की आत काही नाही आणि तो ताडपत्री फाडत नाही. माझ्या पुढच्या गाडीत माल होता. सकाळी बघतो तर त्याची बाजूची ताडपत्री ब्लेडने उभी चिरलेली, आणि तो साठीचा माणूस अंधारात टॉर्च घेऊन काय गेलं ते मोजतोय. तो मला म्हणाला, झोपलो होतो तेच बरं, जागा असतो तर बाहेर आलो असतो. मी त्याला थर्मासमधला चहा दिला, दुसरं काय देणार. या एका रात्रीचा नाईट आउट, म्हणजे बाहेर झोपल्याचा भत्ता, मिळाला २६ पौंड २० पेन्स, केबिनमधे झोपणाऱ्याला टॅक्स न लागता तेवढेच देता येतात आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच देतात. सर्व्हिसेसला जागा मिळाली असती तर पार्किंगच तीस-पस्तीस पौंड, आणि ते कंपनी देईल की नाही ते आधी फोन करून विचारायचं.

संडासाचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. सुपरमार्केटच्या मोठ्या गोदामात जायचं, किल्ली काउंटरवर जमा करायची, एका खोलीत बसायचं, तीन-चार तास सुद्धा. बऱ्याच ठिकाणी अजून ऐकायला मिळतं की आतलं टॉयलेट स्टाफसाठी आहे. कायद्याने माल घेणाऱ्याने आलेल्या ड्रायव्हरला संडास वापरू द्यायलाच पाहिजे, तरी ही उत्तरं. बायका या धंद्यात शंभरात जेमतेम एक-दोन, आणि मग परिषदा घेतात महिला का येत नाहीत म्हणून.

खरं सांगू का, पगारापेक्षा ही वागणूक जास्त लागते. आणि कोणी माणूस म्हणून वागवलं की तेही लक्षात राहतं. डिसेंबर २०२० मधे फ्रान्सने सीमा बंद केली तेव्हा केंटमधे हजारो ड्रायव्हर ऐन ख्रिसमसमधे गाड्यांत अडकले होते, तेव्हा ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातून आणि खालसा एड या शीख सेवासंस्थेकडून गरम जेवण गेलं होतं. इथले जुने ड्रायव्हर अजून त्याची आठवण काढतात. मी भारतातला आहे म्हटल्यावर तीच गोष्ट सांगतात, मला पंजाबी समजूनच.

पगार वाढत का नाही हे मी आमच्या ट्रान्सपोर्ट मॅनेजरला विचारलं होतं, माणूस वाईट नाही. तो म्हणाला शंभर पौंडाच्या धंद्यात आम्हाला दोन-तीन पौंड सुटतात, कस्टमर सुपरमार्केट आहे, त्याला रेट वाढवून मागितला की शेजारचा ट्रान्सपोर्टवाला कमी रेट देऊन काम घेऊन जातो. हे तुलाही माहितीये, कराडला तुझ्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पण हेच चालतं. पण मला वाटतं याच्या मागे अजून एक आहे. २००४ नंतर पूर्व युरोपातून तयार ड्रायव्हर यायला लागले, शिकवायचा खर्च शून्य, मग नवीन पोरांना शिकवायची सवयच मोडली. त्यात २००९ पासून दर पाच वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं झालं, ते पुष्कळांना स्वतःच्या खर्चाने, सुट्टीच्या दिवशी करावं लागतं, म्हाताऱ्यांनी म्हटलं जाऊ दे आता. आज या धंद्यातलं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास आहे. आमच्या यार्डात चाळिशीच्या आतले आम्ही मोजके. जानेवारी १९७९ मधे याच ड्रायव्हरांच्या बापांनी संप केला होता, बंदरं अडवली, आणि काही भागात २० टक्क्यांपर्यंत वाढ घेतली. आमच्या यार्डातला एक जण सांगतो की त्याच्या वडिलांच्या ड्रायव्हरच्या पगारावर घर झालं, बायकोला नोकरी करावी लागली नाही. त्याचा मुलगा आता कोडिंग शिकतोय आणि याने त्याला लॉरीच्या जवळ सुद्धा येऊ दिलं नाही.

मला गाडी चालवायला आवडतं सुन्या, अजून आवडतं. पहाटे एम६ मोकळा असताना वर स्कॉटलंडकडे निघालं की कम्ब्रियाच्या डोंगरांत उजाडतं, तेव्हा दुसरं कुठलं काम नको वाटतं. म्हणूनच त्रास होतो. पुढच्या वर्षी मी दुधाच्या टँकरवर जायचा प्रयत्न करणारे, रोज रात्री घरी, पैसे जवळपास तेवढेच. आर्याला शाळेत सोडता येईल.

आता तुझ्याकडे येतो, रागावू नको. तू त्याच मेसेजमधे खाली लिहिलंयस की तुझ्या दोन गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर मिळत नाहीत, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. हेच वाक्य मी इथे मालकांकडून ऐकतो, अगदी हेच. तू तुझ्या ड्रायव्हरला महिन्याचा पक्का पगार देतोस की ट्रिपवर भत्ता? पीएफ आहे का? अप्पांच्या वेळेपासून यार्डात एक नळ आणि मागचं शेत, एवढंच आहे ना अजून? दोन खोल्या काढ, पंखे लाव, एक धड संडास-बाथरूम बांध, आणि बांधकामाचे पैसे कमी पडले तर मी पाठवतो, हे मी खरंच म्हणतोय. आणि ओंकारला एजंटकडे पाठवण्याऐवजी तुझ्याच गाडीवर घे, पण पगारावर घे, पुतण्या म्हणून फुकटात नको.

एजंटने ऑफर लेटर म्हणून काही पाठवलं असेल तर त्याचा फोटो टाक, मी इथून कंपनी खरी आहे का ते बघून सांगतो. आज रात्रीच निघतोय, शुक्रवारपर्यंत बाहेर आहे, फोन केलास तर तुमच्या रात्री साडेनऊच्या आसपास कर, तेव्हा मी ४५ मिनिटांच्या ब्रेकवर असतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग संगीताने विचारलंय.

तुझा,
महेश