दोन रिकाम्या फायलींबद्दल

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला अजून माहीत नाही. आमच्या साइटवरच्या व्हिडिओ गेमच्या परीक्षणांखाली तुम्ही ज्या टोपणनावाने लिहायचात तेही इथे देत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, हे तुमच्याच एका जुन्या मेलमध्ये वाचलंय. तेव्हा पत्र उघडं, पत्ता मात्र कोरा. वाचलंत की ओळखालच.

तुमचं फोल्डर येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या दिवशी ते उघडलं, वरची दहा-बारा नावं वाचली आणि लॅपटॉप मिटून ठेवला. चारशेच्या वर परीक्षणं, तारखेनुसार लावलेली. मी तर त्यांच्या नावाने केव्हाच आंघोळ केली होती.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगतो. साइट आम्ही दोघांनी सुरू केली, मी आणि माझा एक मित्र. तेव्हा गेमस्पॉट आणि आयजीएन या गेम-परीक्षणांच्या मोठ्या साइट्स चांगल्या मुरलेल्या होत्या (दोन्ही १९९६ च्या), आणि नवा गेम घ्यायचा की नाही हे लोक त्यांच्या आकड्यावरून ठरवत. आम्हालाही बोलायची खाज होती. गेम स्वतःच्या पैशाने घ्यायचा, संपवल्याशिवाय लिहायचं नाही आणि गेमवाल्यांची जाहिरात घ्यायची नाही, एवढं ठरवून घेतलं. जाहिरातीचा नियम पाळणं सगळ्यात सोपं गेलं. कोणी देतच नव्हतं.

स्वतःच्या पैशाने घ्यायचा नियम मात्र जड गेला. मोठ्या साइट्सना गेम बाजारात येण्याआधी प्रत मिळायची आणि एम्बार्गो (अमुक वेळेआधी छापायचं नाही ही अट) उठला की ठरल्या तासाला सगळ्यांची परीक्षणं एकदम बाहेर पडायची. आमचं त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी. वरातीमागून घोडं. तुम्ही आम्हाला पहिल्यांदा लिहिलंत ते याच उशिराबद्दल: "तुमचं उशिरा येतं म्हणूनच वाचतो. तोवर गेम घेऊन पस्तावलेलो असतो, जरा सोबत होते." ते वाक्य मित्राने कागदावर छापून मॉनिटरला चिकटवलं होतं.

२००७ चा नोव्हेंबर तुम्हाला आठवत असेल. गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच: डेड मेन'ला १० पैकी ६ गुण दिले. त्याच वेळी त्या साइटवर जिकडे पाहावं तिकडे त्याच गेमची जाहिरात होती. काही दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. कारण काय ते सगळ्यांनी ओळखलं, पण त्यांना स्वतःला उघडपणे सांगता आलं ते २०१२ मध्ये. मधल्या काळात, २००८ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन जायंट बॉम्ब ही स्वतःची साइट उभी केली. त्यांची नोकरी गेली त्या आठवड्यात आमच्याकडेही विचारणा सुरू झाली: तुम्हाला कोण पोसतं? आम्ही गंभीर खुलासा लिहायला बसलो होतो. तेवढ्यात तुम्ही लिहून टाकलंत, "यांना कोणी काढू शकत नाही. यांना नोकरीच कुठे आहे?" खुलासा लिहायची गरज उरली नाही.

गुणांवरून आमच्यात पुढे भांडणं झाली. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिकवरच्या (ही साइट सगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढते) ८५ गुणांवर अवलंबून होता आणि गेम ८४ वर अडकला, हे २०१२ मध्ये बाहेर आलं. आमचे गुण मेटाक्रिटिक मोजत नव्हतं, मोजायचं कारणही नव्हतं. तरी त्यानंतर आकडा टाकताना माझा हात अडखळायला लागला. मित्र म्हणायचा, अरे, वाचक आकडाच बघतो, बाकीचं आपण स्वतःसाठी लिहितो. शेवटी आम्ही आकडे बंद केले. नंतर २०१५ मध्ये युरोगेमर या मोठ्या साइटने गुण देणं थांबवलं, तेव्हा आम्ही उगाच कॉलर ताठ केली. (पुढे त्यांनी गुण परत आणले, ताऱ्यांच्या रूपात. आम्ही तोवर बंद पडलो होतो.)

बंद पडण्याची गोष्ट लांबवत नाही. लोक व्हिडिओकडे वळले, मित्राच्या घरी बाळ आलं, माझे डोळे रात्री दोननंतर साथ देईनात. नवं लिहिणं थांबलं, पण जुनं तिथेच राहील असं आम्ही धरून चाललो होतो. सर्व्हरवाल्या कंपनीचे पैसे वेळेवर जात होते, आणि त्यात 'रोजचा बॅकअप' असा एक रकानाही होता. एका सकाळी साइट उघडेना. आठ दिवसांनी उत्तर आलं: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. वर नाव दुसऱ्याच कुठल्या तरी ग्राहकाचं. मी पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर पुन्हा, या वेळी नावाशिवाय. ही त्यांच्या परीने सुधारणाच म्हणायची.

एका मोठ्या साइटच्या संपादकांनी पूर्वी सांगितलं होतं की तुमचं सगळं आम्ही आमच्याकडे उतरवून ठेवलंय, निर्धास्त राहा. त्यांना विचारलं. "बघतो," म्हणाले. अजून बघतायत. आणि माझीही बाजू काही स्वच्छ नाही. घरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत होती. ती ड्रॉवरमधून काढली तेव्हा फक्त टकटक वाजली.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, जिथे जुन्या वेबपानांच्या प्रती जपतात, शोधलं. बरंच मिळालं, त्यांचेही उपकारच. पण आमचे गुण म्हणजे छोट्या जॉयस्टिकची चित्रं होती, आणि चित्रं उतरलीच नव्हती. मजकूर आहे, चौकट आहे, आणि निकालाच्या जागी फुटका चौकोन. शेवटच्या वर्षांची पानं तर नव्हतीच.

आणि मग तुमचं फोल्डर. चित्रांसकट. तुम्ही कसं जमवलंत, कधीपासून उतरवत होतात, यातलं काही विचारणार नाही. मला बोलायचंय ते मेलच्या शेवटच्या तीन ओळींबद्दल.

"दोन परीक्षणं सापडली नाहीत, माफ करा. त्यांच्या नावाच्या रिकाम्या फायली ठेवल्यात, म्हणजे क्रम मोडणार नाही. त्या आठवड्यात मी आजारी होतो."

मी त्या फायली उघडून पाहिल्या. शून्य बाइट. नाव बरोबर, तारीख बरोबर, आत काही नाही. तुम्ही त्या दोन तशाच सोडून दिल्या असत्यात तर मला आयुष्यात कळलं नसतं; काय काय लिहिलं होतं याची यादीसुद्धा माझ्याकडे नव्हती. ज्यांनी पैसे घेऊन सगळं हरवलं, त्यांना माझं नाव नीट लिहिता आलं नाही. आणि तुम्ही, ज्यांनी एक पैसा न घेता चारशेवर परीक्षणं सांभाळली, दोन राहिली म्हणून माफी मागताय, वर आजारपणाचं कारण देताय. ते वाचून मी खुर्चीतून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. घरातल्यांना वाटलं, कोणाची तरी वाईट बातमी आली.

जुनी परीक्षणं कशाला सांभाळायची, असं मला एकाने विचारलं. गेम तर आहेतच की. कुठे आहेत? 'द क्रू' या फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि विकत घेतलेला गेमसुद्धा चालेनासा झाला. जे आहेत तेही पहिल्या दिवसाचे राहत नाहीत. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अशी अवस्था होती की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला. प्रकाशनाआधी परीक्षकांच्या हाती फक्त पीसीची प्रत होती, त्यामुळे ती अवस्था पहिल्या परीक्षणांत दिसलीच नाही. नंतर पॅचवर पॅच (दुरुस्त्या) आले, आज तोच गेम लोक डोक्यावर घेतात. पहिल्या दिवशी पैसे मोजलेल्याच्या पदरात काय पडलं, हे आता कुठे शिल्लक असेल तर त्या वेळी लिहिलेल्या ओळींत. त्या ओळीही किती तकलादू! १९९१ पासून चालणारं गेम इन्फॉर्मर हे मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं, तेव्हा साइटवर निरोपाच्या मजकुराखेरीज काही उरलं नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये ते परत आलं, हे नशीब. आमच्यासारख्यांना कोण परत आणतं?

तुम्ही आणता, असं दिसतंय. पण तुमचा स्वभाव पहिल्यापासून हाच. एका परीक्षणात मी शेवटच्या शत्रूचं नाव चुकवलं होतं. पाच-सहा जणांनी खाली जाहीर झोडपलं. तुम्ही मला एकट्याला मेल केलात, आणि "कदाचित माझ्याच प्रतीत वेगळं असेल" अशी सुरुवात केलीत. वेगळं काही नव्हतं. चूक माझी होती आणि तुम्हाला ते पक्कं माहीत होतं. असं वागायला कुठे शिकवत नाहीत, आणि असं वागणाऱ्याला कोणी गुणही देत नाही. जगातली निम्मी कामं अशाच लोकांच्या जिवावर चालत असावीत.

आता हिशोब देतो. त्या दोनपैकी एका परीक्षणाचा कच्चा खर्डा मित्राच्या जुन्या मेलमध्ये सापडला, समासात त्याच्या शिव्यांसकट. शिव्या काढून ती फाइल भरली. दुसऱ्या परीक्षणाचं काहीच मिळालं नाही. तो गेम परवा पुन्हा लावला, रात्री उशिरापर्यंत खेळलो, वहीत चार ओळी लिहिल्यासुद्धा. पण त्या आजच्या माणसाच्या ओळी आहेत, आणि फाइलीवर तारीख तेव्हाची आहे. म्हणून ती तशीच ठेवली आहे, तुम्ही पाठवलीत तशी, शून्य बाइटची. त्या आठवड्यात एक जण आजारी होता, एवढी नोंद तिच्या नावासमोर केली आहे. चालेल ना?

तुमचा ऋणी,
उशिरा लिहिणाऱ्यांपैकी एक